जाड ऑइल घातलं की इंजिन जास्त टिकतं का? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, कंपनीने सांगितलंय त्यापेक्षा जाड ऑइल घालू का. घोडबंदर, कोपरी, ऐरोली, नेरुळ, सगळीकडून हेच विचारलंय, त्यामुळे आजचं सदर पूर्ण यालाच देतोय. पहिलं उत्तर लांब झालंय पण पुढची उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत, म्हणून ते आधी वाचा.

प्रश्न : माझ्याकडे १.२ लिटर पेट्रोलची गाडी आहे, तीन वर्षं झाली, मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० ऑइल लिहिलंय. मी कासारवडवलीला राहतो आणि रोज अंधेरीला जातो, म्हणजे जाता-येता ट्रॅफिकमध्ये अडकणं आलंच. आमच्या इथल्या गॅरेजवाल्याने डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून ऑइल बोटावर घेऊन दाखवलं, म्हणाला साहेब हे बघा नुसतं पाणी आहे, हे थंड देशांसाठी, आपल्याकडे मे महिन्यात काय उकडतं, २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन मऊ चालेल आणि दोन लाख किलोमीटर हात लावायला नको. मला पण बोटावर पातळच वाटलं. काय करू? (एक वाचक, घोडबंदर रोड)

उत्तर : २०डब्ल्यू-५० टाकू नका. गॅरेजवाला तुम्हाला फसवतोय असं मी म्हणत नाहीये, ज्या जुन्या इंजिनांवर त्याने हात काळे केले त्यात हेच ऑइल चालायचं आणि चांगलं चालायचं. पण बोटावर घेऊन जाड-पातळ ठरवायचं ही जी पद्धत आहे ना, गडबड तिथेच आहे, कारण बोटावर ऑइल असतं तीस-चाळीस डिग्रीला आणि गाडी चालू असताना बेअरिंगमध्ये असतं शंभरच्या आसपास, आणि तेवढ्या फरकात ऑइलचा घट्टपणा कितीतरी पटीने बदलतो.

आकडेच देतो म्हणजे वाद नको. ऑइलचा घट्टपणा सेंटीस्टोकमध्ये मोजतात. बाजारातलं साधारण ०डब्ल्यू-२० हे ४० डिग्रीला ४०-४५ सेंटीस्टोक असतं आणि १०० डिग्रीला ८ ते ८.५ वर येतं. २०डब्ल्यू-५० हे ४० डिग्रीला १६०-१८० च्या आसपास आणि १०० डिग्रीला १८-१९. आता हे जुळवून बघा, गॅरेजवाल्याला ज्या ऑइलचा भरवसा वाटतो ते गरम इंजिनात १८ असतं, आणि ज्याला तो पाणी म्हणतोय ते त्याच्या बोटावर ४० च्या वर आहे. म्हणजे बोटावरचं ते पातळ ऑइल चालू इंजिनातल्या २०डब्ल्यू-५० पेक्षा दुपटीहून जाड आहे! सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी काढता तेव्हा कुठलंच ऑइल पातळ नसतं, सगळीच गरजेपेक्षा जाड असतात, फक्त ०डब्ल्यू-२० त्यातल्या त्यात लवकर वरपर्यंत पोचतं आणि २०डब्ल्यू-५० त्याच्या चौपट घट्ट असल्यामुळे वरच्या कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) चढायला वेळ घेतं, आणि इंजिनची झीज जास्तीत जास्त याच वेळी होते, स्टार्ट केल्यानंतरच्या पहिल्या थोड्या वेळात.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा आणि नंतरचा गरम इंजिनचा, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ०डब्ल्यूची टेस्ट उणे ३५ डिग्रीला होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. मग लोक म्हणतात ठाण्यात उणे सोडा, जानेवारीत बारा-तेरा डिग्री झालं तरी स्वेटर निघतात, आपल्याला ०डब्ल्यू कशाला. पण जे ऑइल उणे ३५ ला वाहतं ते २५ डिग्रीलाही जास्त चटकन वाहतं, त्यामुळे फायदा आपल्याला पण होतोच, फक्त तेवढा ठळक दिसत नाही.

आणि मे महिन्याच्या गरमीचं म्हणाल तर इंजिनला बाहेरच्या हवेने तितका फरक पडत नाही, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर फॅन कूलंटला ८५-९५ डिग्रीच्या पट्ट्यात धरून ठेवतात, बाहेर २० असो की ३८. ऑइल चालत्या गाडीत ९० ते ११० च्या दरम्यान फिरतं, बोरघाट भरल्या गाडीने चढताना त्याच्या वर जातं, पण ते घाटामुळे आणि लोडमुळे. गॅरेजवाला ज्या उन्हाची काळजी करतोय ते उन इंजिनच्या आतपर्यंत फार कमी पोचतं.

आता जाड ऑइलने नेमकं होतं काय ते सांगतो. क्रँकच्या बेअरिंगमधली फट असते साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि त्या फटीतून ऑइल सतत वाहत राहिलं पाहिजे कारण ते नुसतं वंगण नाही, तेच बेअरिंगची उष्णता घेऊन खाली चेंबरमध्ये (ऑइलच्या टाकीत) परत येतं. जाड ऑइल घातलं की प्रेशर वाढतं आणि मेकॅनिक खूश होतो, पण प्रेशर वाढलं म्हणजे ऑइल जास्त पोचलं असं नसतं, बरेचदा उलटं असतं, वाट अडली म्हणून प्रेशर वाढलेलं असतं. मग पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरंचसं ऑइल वर न जाता खालच्या खाली परत जातं. ऑइल फिल्टरमध्ये पण असाच बायपास व्हॉल्व्ह असतो, ऑइल खूप घट्ट असेल तर तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल तसंच पुढे निघून जातं, हे तर कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यात तुमच्या गाडीला व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते बदलणारी यंत्रणा) असणार, ते ऑइलच्या प्रेशरवर चालतं, बारीक छिद्रांतून आणि बारीक जाळीतून, टायमिंग चेनचा टेन्शनर पण ऑइलवर. हे सगळं ठराविक घट्टपणा धरून बनवलेलं असतं, तिथे दुपटीने जाड ऑइल गेलं तर टायमिंग उशिरा हलतं आणि कधी कधी चेक इंजिनचा दिवा लागतो, मग लोक सेन्सर बदलत बसतात.

इंजिन मऊ चालेल हे मात्र खरं आहे, जाड ऑइल आवाज दाबतं. पण आवाज कमी झाला म्हणजे झीज कमी झाली असं नाही, एवढं लक्षात ठेवा.

गॅरेजवाल्याच्या बोलण्यात एक गोष्ट मला पटते, की ट्रॅफिकमध्ये इंजिनचे हाल होतात. होतातच. पण त्यावर उपाय जाडी नाही, ऑइल लवकर बदलणं आहे. हिशेब बघा, हायवेला ताशी ५० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिन २०० तास चाललं, आणि तेच १०,००० किलोमीटर माजिवडा, कापूरबावडी, जेव्हीएलआर करत ताशी २० ने केले तर ५०० तास. मीटरवर किलोमीटर तेवढेच दिसतात पण ऑइल अडीचपट शिजलेलं असतं, वर आयडलिंगमध्ये थोडं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळ करतं ते वेगळंच. मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर कठीण वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही, पण घोडबंदरला रोज गाडी चालवणारा माणूस त्याच वेळापत्रकात बसतो. ते वाचा आणि त्याप्रमाणे ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. मॅन्युअलच्या तक्त्यात ०डब्ल्यू-२० सोबत ५डब्ल्यू-३० दिलेलं असेल तर ते बिनधास्त घाला, तुमच्या वापराला ते उलट चांगलंच आहे. आणि गाडीवर वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तर बिलावर ग्रेड लिहून घ्या, उद्या इंजिनचं काही निघालं तर पहिला प्रश्न ऑइलवरच येतो.

प्रश्न : माझा मेहुणा दुबईला आहे, त्याच्याकडे आणि माझ्याकडे एकाच कंपनीचं जवळपास एकच इंजिन. त्याच्या मॅन्युअलमध्ये चार ग्रेड दिल्यात आणि माझ्यात एकच पातळवाली. मग हे पातळ ऑइल इंजिनच्या भल्यासाठी आहे की सरकारला मायलेज दाखवायला? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : दोन्ही आहे, आणि हे उघड बोललं पाहिजे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत १९७५ मध्ये कायदा आला की प्रत्येक कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी इंधनबचत ठरलेल्या पातळीवर असली पाहिजे, त्यालाच कॅफे म्हणतात. आपल्याकडे हेच नियम २०१७-१८ पासून आले, तेव्हा सरासरी मर्यादा किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होती, २०२२-२३ पासून ती ११३ वर आली. पातळ ऑइलमुळे एका ग्रेडमागे फायदा एक-दोन टक्क्यांच्या आतलाच असतो, एका गाडीला तो जाणवणार पण नाही, पण कंपनी लाखो गाड्या विकते तेव्हा त्याच एका टक्क्याला किंमत येते. म्हणून ज्या देशात असा नियम कडक तिथे मॅन्युअलमध्ये एकच पातळ ग्रेड ठळक छापलेली आणि जिथे नाही तिथे मोठा तक्ता, असं दिसतं.

पण म्हणून पातळ ऑइल म्हणजे इंजिनचा बळी असं समजू नका. अशा इंजिनात बेअरिंगची रुंदी, पृष्ठभागाचं फिनिशिंग, पंपाची क्षमता हे सगळं त्या ऑइलसाठीच ठरवलेलं असतं. आणि पातळपणालाही तळ आहे, १५० डिग्रीला जोरात घासलं जात असताना ऑइलने किमान किती घट्ट राहायचं याची मर्यादा असते, २० ग्रेडला २.६, ३० ला २.९ आणि ५डब्ल्यू-४० सारख्याला ३.५ मिलिपास्कल-सेकंद (हे घट्टपणाचंच दुसरं माप, सेंटीस्टोक नाही). झीज होणार की नाही हे याच आकड्यावर जास्त अवलंबून असतं. आता २.६ आणि २.९ मधलं अंतर बघा, फारसं नाहीये, म्हणून २० वरून ३० वर गेलात तर इंजिन तक्रार करणार नाही. खुद्द टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये असं वाक्य असतं की गाडी खूप वेगात किंवा खूप लोडवर चालवणार असाल तर जास्त घट्ट ऑइल योग्य ठरू शकतं. एक पायरी वर जाणं, ते पण कारण असेल तर, माझ्या मते ठीक आहे. दर शनिवार-रविवार पाच माणसं आणि सामान घेऊन महाबळेश्वर करणाऱ्याला मी ३० घाल म्हणेन. तीन पायऱ्या चढून ५० वर जाणं हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल नाहीये, तिथे गोष्ट बदलते.

प्रश्न : २०१२ ची पेट्रोल गाडी, १ लाख ४० हजार झालेत. मॅन्युअलला ५डब्ल्यू-३०. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर येतो, मग थांबतो, आणि ऑइल हळूहळू कमी होतं. गॅरेजमध्ये सांगतायत २०डब्ल्यू-५० घाला नाहीतर हाफ इंजिन काढावं लागेल, म्हणजे रिंग-पिस्टनचं काम. (एक वाचक, कोपरी)

उत्तर : तुमच्या गाडीच्या बाबतीत जाड ऑइलला जागा आहे, पण २०डब्ल्यू-५० इतकं नको. ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० घ्या, म्हणजे गरम झाल्यावर एक पायरी वर आणि सकाळी तरीही लवकर वाहणारं. झिजलेल्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात, त्यात थोडं जाड ऑइल कमी गळतं, कमी जळतं.

पण हाफ इंजिनच्या गोष्टीला लगेच हो म्हणू नका. फक्त स्टार्टला धूर येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर आहे, रात्रभर ऑइल तिथून थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी जळतं, आणि सील बदलणं हे रिंग-पिस्टनपेक्षा खूप स्वस्त काम आहे. धूर ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असता तर मी रिंगकडे बोट दाखवलं असतं. त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली हवा बाहेर काढणारा) तपासा, तो तुंबला की क्रँककेसमधली हवा ऑइल ओढून इनटेकमध्ये नेते, आणि तो छोटासा पार्ट आहे.

लेव्हल दर आठवड्याला बघा, आणि सपाट जागेवर बघा. आपल्याकडे पोडियम पार्किंग आणि रॅम्प इतके आहेत की उतारावर उभ्या गाडीची पट्टी बघून लोक लेव्हल बरोबर आहे असं धरून चालतात. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा लेव्हलचा नसतो, प्रेशरचा असतो, तो लागेपर्यंत थांबणं म्हणजे इंजिनवर पाणी सोडणं, आणि चालत्या गाडीत लागला तर ईस्टर्न एक्स्प्रेसवर असाल तरी गाडी बाजूला घेऊन तिथेच बंद करा.

यावरून एक महत्त्वाचं. जुनी गाडी विकायच्या आधी जाड ऑइल घालून आवाज आणि धूर दाबायचे हा प्रकार सर्रास चालतो आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण घेणारा बहुतेक वेळा आयुष्यातली पहिली गाडी घेत असतो, कर्ज काढून. सेकंड हँड बघायला जाल तर आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका, बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे ना बघा, आणि मग समोर स्टार्ट करून घ्या. मागच्या ऑइल चेंजचं बिल मागा आणि त्यावरची ग्रेड मॅन्युअलशी ताडून बघा.

प्रश्न : माझी भाजीची पिकअप आहे, बीएस-६ डिझेल, रोज नाशिक ते वाशी एपीएमसी. आमच्याकडे जुन्या टेम्पोसाठी १५डब्ल्यू-४० चा बॅरल आणलेला आहे. पिकअपला कंपनी ५डब्ल्यू-३० सांगते, खूप महाग पडतं. लोडची गाडी आहे तर जाडच चांगलं ना? (एक वाचक, तुर्भे)

उत्तर : तुमच्या गाडीत जाडीपेक्षा मोठा प्रश्न राखेचा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला, डीपीएफ. काजळी त्यात अडकते आणि अधूनमधून फिल्टर स्वतःला तापवून ती जाळून टाकतो. पण ऑइलमधल्या धातूंच्या ॲडिटिव्हची राख जळत नाही, ती तिथेच साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं आणि ते डब्यावर लिहिलेलं असतं, सी२, सी३ असं काहीतरी, तुमच्या मॅन्युअलमध्ये जे दिलंय तेच बघून घ्या. जुन्या टेम्पोचा बॅरल यात ओतला तर दोन वर्षांत वाचवलेले पैसे एका डीपीएफमध्ये जातील, आणि फिल्टर भरला की गाडी पॉवर कमी करते, ते पण नेमकी माल भरलेली असताना.

एक अजून, ऑइलची लेव्हल कमी होतेय का बघतो तशी वाढतेय का तेही बघा. फिल्टरची जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहिली, म्हणजे मध्येच गाडी बंद केली, की डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. लेव्हल वर गेली तर आनंद मानू नका, ऑइल बदला.

प्रश्न : दादा, बाबांची ११० सीसी बाइक आता मी कॉलेजला चालवतो, ऐरोली ते वाशी. १०डब्ल्यू-३० आहे. मित्र बोलतो २०डब्ल्यू-५० टाक, आणि त्याच्याकडे कारचं शिल्लक आहे ते फुकट देतोय. टाकू का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : अरे नको. तुझ्या बाइकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारमध्ये तसं नसतं. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी ॲडिटिव्ह असतात, ती क्लचच्या प्लेटवर बसली की क्लच घसरायला लागतो, रेज वाढतो पण गाडी ओढत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असेल तेच घे आणि ग्रेड १०डब्ल्यू-३० च ठेव. मोठ्या बुलेटमध्ये १५डब्ल्यू-५० चालतं म्हणून तुझ्या छोट्या इंजिनात चालेल असं नाही, या छोट्या इंजिनाकडे मुळात ताकद कमी असते आणि त्यातली थोडी जाड ऑइल ढवळण्यातच जाते, पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही पडतं. घरी आईची स्कूटर असेल तर तिला वेगळं लागतं, एमबी, कारण स्कूटरचा क्लच कोरडा असतो, दोघांचा एकच डबा आणू नकोस.

आणि घरी ऑइल काढणार असशील तर जुनं ऑइल गटारात ओतू नको. आपली गटारं शेवटी ठाणे खाडीतच जातात. बाटलीत भर आणि गॅरेजमध्ये दे, त्यांच्याकडून ते गोळा करून नेणारे असतात.

प्रश्न : माळशेजला जाताना ऑइल कमी झालं आणि मुरबाडच्या पुढे फक्त १५डब्ल्यू-४० मिळत असेल, गाडीत ०डब्ल्यू-२० असेल, तर घालायचं की टोइंग बोलवायचं? (एक वाचक, कळवा)

उत्तर : पट्टीवर खालच्या खुणेच्या खाली गेलं असेल तर घाला. चांगल्या कंपन्यांची इंजिन ऑइल एकमेकांत मिसळतात, अर्धा लिटर जाड गेलं तर सगळ्याची जाडी थोडी वाढेल आणि एवढंच होईल, पण कमी ऑइलवर घाट चढलात तर वळणावर पंप हवा ओढेल आणि बेअरिंग जाईल. एकदम सगळं ओतू नका, थोडं घालायचं, पाच मिनिटं थांबायचं, पट्टी बघायची, दोन खुणांच्या मध्ये आलं की बास, वरच्या खुणेच्या पुढे जायचं नाही. घरी आल्यावर ऑइल कुठे गेलं ते शोधा, पार्किंगमध्ये गाडीखाली रात्री पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग दिसला तर गळती, नाही दिसला तर इंजिन जाळतंय.